मातीच्या स्वाराचे पोलाद

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या इतिहासावर काही लिहावे अशी आज्ञा केली, तेव्हा वंशावळ, गोत्रे आणि कुलदैवते यांविषयीच्या लेखाची त्यांची अपेक्षा असणार हे मी ओळखले. परंतु त्या विषयांवर अधिकारी मंडळींनी पूर्वीच्या अंकांतून पुष्कळ लिहिले आहे. मी लिहिणार आहे ते नेवाशाच्या आमच्या घरातील एका मातीच्या स्वाराविषयी. त्याची उंची वीतभरही नाही. घोड्याचा एक कान गेला आहे, शेपूट दोनदा चिकटविलेले आहे, आणि स्वाराच्या हातातील तलवार म्हणजे बांबूची एक बारीक कामटी आहे. ही कामटी जो पाहील त्याला ती लोखंडाची वाटते. हातात घेतल्यावरच हलकेपणामुळे फसगत कळते. जीनगरांचा जो इतिहास कागदोपत्री फारसा सापडत नाही, त्यातील एक पान या कामटीवर लिहिलेले आहे असे माझे मत आहे, आणि ते मत वाचकांपुढे पुराव्यानिशी मांडावे एवढाच या लेखाचा हेतू.

मूळचे स्वार दोन होते. दिवाळीत अंगणात मुले किल्ला करीत, तेव्हा ते दोन्ही स्वार माजघरातील फडताळातून बाहेर निघत व पाडव्यानंतर पुन्हा कापसात गुंडाळून आत जात. मी दहा-अकरा वर्षांचा असताना बाजारात रुपेरी रंगाच्या लहान डब्या मिळू लागल्या होत्या. एका दुपारी कोणी पाहत नाही असे पाहून मी एका स्वाराची तलवार, ढाल, शिरस्त्राण आणि अंगावरील चिलखत अशी सगळी सामग्री त्या रुपेरी रंगाने चकचकीत करून टाकली. माझ्या मते स्वार नवा झाला होता. संध्याकाळी चुलत आजोबांनी तो उचलला, कंदिलाजवळ धरला आणि म्हणाले, "अरे, ढाल काय चांदीची असते होय? ढाल कातड्याची. ती आपण केलेली." पुढे ते काही बोलले नाहीत. मला मार बसला असता तर मी तो विसरलोही असतो. ते वाक्य मात्र विसरलो नाही, आणि त्याचा अर्थ कळण्यास मला पुढे बरीच वर्षे लागली.

जीनगर हा शब्द फारसी आहे. जीन म्हणजे खोगीर आणि ते करणारा तो जीनगर, हे सर्वांस ठाऊक आहे. आपल्यापैकी कित्येक जण स्वतःस सोमवंशी आर्य क्षत्रिय म्हणवितात आणि त्या नावावरून गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बराच वाद झाला आहे. त्या वादात मी शिरत नाही. मला एवढेच दिसते की त्या वादात दोन्ही बाजूंची मंडळी तलवार कोणी चालविली याचा विचार करतात, आणि तलवारीला म्यान कोणी घातले हा प्रश्न कोणीच विचारीत नाही. इंग्रज सरकारने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात जीनगरांचे जे उद्योग सांगितले आहेत त्यांत धातूचे ओतकाम, दगडाचे व लाकडाचे कोरीवकाम, रंगकाम, माती व कापडाच्या मूर्ती, आणि पेट्या, कुलपे व घड्याळे यांची दुरुस्ती अशा परस्परांशी संबंध नसलेल्या कामांची नोंद आहे. परक्या नोंदकर्त्यास ही सरमिसळ विचित्र वाटली असेल. परंतु घोडदळ मोडल्यावर खोगीर करणाऱ्याने काय करावे, असा प्रश्न त्या यादीमागे उभा आहे हे ध्यानात घेतले की तिच्यात विचित्र असे काही उरत नाही.

मराठ्यांच्या सैन्यात घोडा हा मुख्य. शिलेदाराचा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. प्रत्येक घोड्यास खोगीर, तंग, दुमची, लगाम आणि रिकिबीचे पट्टे हवेत. कातडे घामाने कुजते, शिवण उसवते, म्हणून जीनगराचे काम मोहिमेपूर्वी असे, मोहिमेतही असे आणि मोहिमेनंतरही असे. म्यानाचे काम याहून नाजूक. लाकडाच्या दोन पातळ फळ्या पात्याच्या आकाराप्रमाणे आतून कोरून एकमेकींवर बसवावयाच्या, वर कातडे किंवा मखमल चढवावयाची, टोकास धातूची टोपी आणि तोंडाशी कडे. पाते समोर असल्याशिवाय म्यान होत नाही, कारण दोन तलवारींची वक्रता कधी सारखी नसते. म्हणजे पोलाद पेटविणारा लोहार आणि त्याला झळाळी देणारा शिकलगार यांच्यानंतर पात्याशी सर्वांत अधिक वेळ घालविणारा माणूस म्यानकार होय. पात्याची पाठ कोठे जाड, धार कोठून निघते, मुठीजवळ गंज कसा धरतो, तेल लावलेले पोलाद उन्हात कसे दिसते आणि घरात कसे दिसते, हे सारे त्याच्या डोळ्यास सवयीने ठाऊक.

पुढे १८१८ साली पेशवाई गेली. संस्थानांच्या पागा काही काळ राहिल्या, पण मोठी घोडदळे राहिली नाहीत. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत हत्यारांचा कायदा झाला आणि परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. गावोगावच्या तलवारी सरकारजमा झाल्या, काही आढ्यात दडल्या, काहींचे विळे-कोयते झाले. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या पात्यांची मापे घेतली गेली त्या घरात माप घेण्यास पाते उरले नाही. हात मात्र उरले. आपल्या ज्ञातीतील चितारी व मूर्तिकार पूर्वीपासून होतेच. जे खोगिरावर होते त्यांतील अनेक आता त्यांच्या बाजूस वळले असले पाहिजेत. हे माझे अनुमान आहे आणि त्याचा आधार म्हणून मी आमच्या फडताळातील स्वारास पुढे करीत आहे.

घरात अशी समजूत होती की हे स्वार पेशव्यांच्या काळचे आहेत. जुनी वस्तू दिसली की ती पेशव्यांच्या काळची, आणि फारच जुनी दिसली तर शिवाजी महाराजांच्या काळची, ही आपल्याकडील कालगणना वाचकांच्या परिचयाची आहे. मलाही ती गोड वाटे. परंतु घोड्याच्या पाठीवरील झुलीचा निळा रंग माझ्या मनात शंका उत्पन्न करी. देशी नीळ, म्हणजे नीळ-वनस्पतीपासून काढलेली, ही काळसर आणि किंचित हिरवट झाक असलेली असते. झुलीची निळाई तशी नव्हती. ती धुण्याच्या निळीसारखी स्वच्छ आणि भडक होती. ही धुण्याची नीळ युरोपातील कारखान्यांतून आली. ती कृत्रिम रीतीने तयार करण्याची कृती फ्रान्स व जर्मनीत १८२६-२८ च्या सुमारास सिद्ध झाली, आणि तिच्या गोळ्या आपल्या बाजारांत पोहोचण्यास त्यापुढेही काळ लागला. झुलीवरून आपोआप गळून पडलेला एक कपचा मी बशीत घेतला आणि त्यावर लिंबाच्या रसाचे थेंब टाकले. देशी निळीवर आंबटाचा परिणाम होत नाही. हा रंग मात्र काही वेळाने फिकट पडत पडत राखी झाला आणि नाक जवळ नेल्यावर सडक्या अंड्याचा अगदी पुसट वास आला. गंधकयुक्त अशा त्या निळीचे हे ठरलेले लक्षण आहे. खनिज लाजवर्दही आम्लाने असाच उडतो, परंतु तो इतका महाग की मुलांच्या खेळण्यावर तो कोणी लावणार नाही.

तेव्हा पेशवाई गेली, आणि तीही एका लिंबाच्या फोडीने. घरातील वडीलधाऱ्या मंडळींस हे फारसे रुचले नाही. पण मला वाटते की या शोधाने स्वाराची किंमत कमी न होता वाढली. तो पेशव्यांच्या काळचा असता तर समोर दिसणाऱ्या स्वाराची ती एक नक्कल ठरली असती. तो नंतरचा असल्यामुळे, स्वार दिसेनासे झाल्यावर कोणी तरी आठवणीने तो घडविला आहे. आणि आठवण कोणाची होती हे त्याच्या घोड्यावरून कळते.

या घोड्याचे खोगीर पाहावे. स्वार बाजूस करता येतो, कारण तो वेगळा भाजून नंतर वर बसविला आहे. स्वार बसल्यावर जो भाग कोणालाही दिसणार नाही, त्या खोगिराच्या बैठकीवर कुंचल्याने शिवण काढलेली आहे. दुहेरी शिवण, समान अंतरावर, आणि कडेला टाका उलट घेतलेला. तंगाचा पट्टा पोटाखाली जेथे आवळला जातो तेथे रंग किंचित गडद केला आहे, कारण घामाने कातडे तेथेच काळे पडते. दुमचीची गाठ योग्य बाजूस आहे. उलट घोड्याचे डोळे गोल ठिपक्यांचे आहेत आणि खुरांकडे कारागिराने मुळीच लक्ष दिलेले नाही. केवळ चितारी असता तर त्याने डोळ्यांवर मेहनत केली असती. डोळे सोडून दुमचीची गाठ रंगविणारा माणूस खोगीर करणाऱ्याच्याच घरातला.

आता त्या कामटीविषयी, कारण मूळ विषय तोच आहे. धातू नसलेल्या पदार्थावर धातू दाखविणे हे रंगकामातील सर्वांत फसवे काम होय. लाल वस्त्र दाखविण्यास लाल रंग पुरतो. पोलादास स्वतःचा असा रंग नाही. आकाश, माती, अंगरखा, जे समोर असेल ते तो दाखवितो. त्यामुळे रुपेरी रंग सरसकट फासला की पोलाद न दिसता रुपेरी रंग दिसतो. आपल्या भाषेत याला फार चांगला शब्द आहे. कथलाचा पातळ पत्रा रंगवून मखरांवर व ताबुतांवर डकवितात तो बेगड. त्यावरून जे वरवर झळकते आणि आत काही नसते त्याला आपण बेगडी म्हणतो. मौज अशी की बेगड हा खरोखरचा धातू असतो. खरा धातू लावून खोटे दिसते आणि काजळी लावून खरे दिसते, हे या विद्येतले मर्म मला त्या दोन स्वारांनी शिकविले. एक मी बिघडविलेला, दुसरा न बिघडलेला.

न बिघडलेल्या स्वाराची कामटी भिंगाखाली पाहिली असता कामाचा क्रम उलगडतो. सर्वांत खाली खडू व सरस यांचा पांढरा हात. त्यावर काजळीत थोडी नीळ मिसळून केलेला काळसर थर, तोही एकसारखा नव्हे, मुठीकडे अधिक दाट. त्यानंतर रुपेरी पूड घेतली आहे, पण ती जवळजवळ कोरड्या कुंचल्याने, इतकी थोडी की कामटीचा जो भाग उंच त्यालाच ती लागली आणि खोलगट भाग काळा राहिला. पात्याच्या धारेवर सफेद्याची एकच रेघ, केसाएवढी. ती टोकापर्यंत जात नाही. मध्येच थांबते, पुन्हा थोडी दिसते. तलवार उन्हात धरून फिरविली तर प्रकाश असाच तुटक पळतो. शेवटी मुठीच्या सांध्यात गेरूचे पातळ पाणी सोडले आहे, म्हणजे गंज. हा गंज पाहून मी थक्क झालो. शोभेसाठी रंगविणारा कारागीर वीराच्या तलवारीस गंज लावणार नाही. ज्याने पावसाळ्यातून परत आलेल्या तलवारी म्यानातून ओढून काढल्या, किंवा ज्याने बापाला तसे करताना पाहिले, तो लावील.

चिलखताचे काम निराळ्या रीतीने साधले आहे. ओल्या मातीवर पिसाच्या पोकळ नळीचे टोक दाबून बारीक वर्तुळे उठविली आहेत, एकमेकांस लागून, ओळीमागून ओळ. भाजल्यावर त्यांवर काळा हात देऊन वरून कोरडा रुपेरी कुंचला फिरविला की कड्या उठून दिसतात आणि मधली भोके काळी राहतात. ही युक्ती चतुर आहेच; पण चिलखत कोठे दाखविले आहे ते अधिक महत्त्वाचे. ते फक्त गळ्याशी आणि मनगटाशी दिसते. बाकी सर्व अंगावर सुती अंगरखा आहे. १६५९ साली प्रतापगडाखाली अफजलखानाची भेट झाली त्या प्रसंगाच्या परंपरागत कथेत महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत व मंदिलाखाली शिरस्त्राण घातल्याचे सांगतात, ते सर्वांच्या ऐकण्यात आहे. कडक उन्हाच्या मुलखात लोखंड अंगावर उघडे घालून दौड करणे शक्य नव्हते, ते तापते. जाड शिवलेले सुती कापड हेच पुष्कळांचे चिलखत होते. सामान्य मावळ्याजवळ तर लोखंड थोडेच: पाते, भाल्याचे फळ, कमरेची कट्यार. भाल्याचा दांडा बांबूचा. ढाल म्हशीच्या किंवा, ऐपत असेल तर, गेंड्याच्या कातड्याची, वर रोगण चढविलेली काळी, आणि तिच्यावर पितळेची चार फुले. आमच्या स्वाराच्या पाठीवरील ढाल तशीच आहे: काळी, गुळगुळीत, आणि फक्त चार ठिपके पिवळे. पितळेसाठी हरताळात कणभर गेरू घातला आहे, म्हणून ते सोन्यासारखे न दिसता पितळेसारखे दिसतात. आजोबांचे वाक्य आता वाचकांच्या ध्यानात येईल.

आज दिवाळीत बाजारात साच्यातून काढलेले जे मावळे ढिगाने येतात, त्यांच्या अंगावर छातीभर सोनेरी पत्रा, रुपेरी ढाल आणि रुपेरी तलवार असते. ते स्वस्त आहेत, मुलांस आवडतात, आणि ते करणारेही पोटासाठीच करतात; त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, कारण तेच काम मी एका दुपारी फुकट केले होते. पण मुलाचा डोळा ज्या वयात घडतो त्या वयात त्याने पोलाद म्हणून बेगड पाहावे याचे मला वाईट वाटते.

या बाबतीत इतर देशांचे काय, असे कोणी विचारील. जर्मनीतील न्यूर्नबर्ग येथे अठराव्या शतकात कथलाचे चपटे शिपाई ओतून रंगवीत. लंडनमध्ये ब्रिटन नावाच्या कारखान्याने १८९३ पासून आतून पोकळ असे शिशाचे शिपाई काढले आणि ते जगभर गेले. तेथील शिपाई मूळचाच धातूचा, त्यामुळे धातूवर धातू रंगविण्याचा प्रसंग. तरीही तेथील आजचे चांगले कारागीर काळ्या थरावर कोरड्या कुंचल्याने उजेड चढवितात, आणि काही जण तर रुपेरी पूड मुळीच न वापरता केवळ काळा, राखी व पांढरा यांवर पोलाद उभे करतात. आमच्या कामटीवर जे आहे तेच. त्यांनी ते आपल्याकडून घेतले किंवा आपण त्यांच्याकडून, असे म्हणण्याची गरज नाही. पोलाद दोन्हीकडे सारखेच चमकते.

चित्रांची गोष्ट मात्र जवळची आहे. आपल्याच जिल्ह्याच्या निजामशाहीत हुसेन निजामशहाच्या स्तुतिपर 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे काव्य चित्रांसह सिद्ध झाले. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतरचे ते काम असून त्याची प्रत पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनच्या चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. एकूणच जुन्या चित्रकारांना शस्त्रासाठी अस्सल चांदी वापरण्याचा मोह पडे, आणि चांदी हवेने काळवंडते. त्यामुळे शेकडो वर्षांपूर्वी चकाकणाऱ्या कित्येक तलवारी आज चित्रांत काळ्या रेघा होऊन बसल्या आहेत. सावंतवाडीच्या चिताऱ्यांची गंजिफा ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे की मोगली गंजिफ्यात शमशेर नावाचा एक रंगच असतो. बोटभर पानावर दहा तलवारी काढावयाच्या. तेथे चितारी धातूच्या मागे लागत नाही, तलवारीची खूण काढून मोकळा होतो. खेळणाऱ्यास तेवढे पुरे.

आमच्या नेवाशाचा या साऱ्याशी काय संबंध, हेही सांगितले पाहिजे, नाही तर स्वार येथे योगायोगाने आला असे वाटेल. प्रवरेच्या काठचे हे गाव मोहिनीराजाचे आणि ज्ञानेश्वरीचे म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्या खांबास टेकून ज्ञानदेवांनी गीतेवर भाष्य सांगितले तो पैसाचा खांब येथे आहे, आणि ते भाष्य सुरू होते ते दोन्ही सैन्ये शस्त्रे परजून उभी राहिलेली असताना. पण माझ्यापुरते नेवासे दुसऱ्याही एका गोष्टीसाठी मोठे आहे. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. हसमुख सांकळिया आणि डेक्कन कॉलेजातील त्यांचे सहकारी यांनी येथील लाडमोड टेकडीवर उत्खनन केले आणि १९६० साली त्याचा विस्तृत अहवाल छापला. टेकडीच्या वरच्या थरांत मराठे व मुसलमानी अमलाचे अवशेष, त्याखाली सातवाहनकाळ व रोमन व्यापाराच्या खुणा, आणि त्याहीखाली तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती निघाली. त्या लोकांची भांडी तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाने चितारलेली आहेत. त्यांच्याजवळ तांबे होते, पण थोडके. एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ तशीच घालून त्याला पुरलेले सापडले.

याच प्रवरेच्या काठी दायमाबादेस १९७४ साली सापडलेली ओतीव धातूची चार शिल्पे जगप्रसिद्ध आहेत: बैल जुंपलेला रथ आणि त्याचा सारथी, हत्ती, गेंडा व रेडा. चारांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. खेळणे म्हणा, देव म्हणा, पण लहान आकृती घडविण्याची हौस या नदीकाठी किती जुनी आहे हे त्यावरून दिसते. तेथे धातू भरपूर मिळाला म्हणून त्यांनी तो ओतला. ज्याला तो मिळाला नाही त्याने मातीवर दाखविला.

नगरच्या धातुकामाचा मोठा दाखला म्हणजे मुलूखमैदान तोफ. ती १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली आणि आज विजापुरास आहे. तिचा पृष्ठभाग ज्यांनी जवळून पाहिला त्यांना कळेल की पंचरसी धातू काळाने हिरवट-काळा होतो आणि हाताळलेल्या जागीच उजळ राहतो. खरा धातू सर्वत्र चमकत नाही, तो हात लागतो तेथे चमकतो. आमच्या कारागिराने मुठीच्या कडेला आणि रिकिबीच्या तळाशी रुपेरी पूड जरा अधिक दिली आहे ती याच कारणाने. रिकिबीचा तळ जोड्याने घासला जातो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन मी जुनी पाती व चिलखते काचेआडून पुष्कळ वेळ पाहिली. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे काही काळासाठी साताऱ्यास आली, तीही पाहून आलो. लोकांची रीघ होती, क्षणभरच उभे राहता आले. दृष्टी बरोबर चुलत आजोबांचीच नेली होती, असे म्हणावयास हरकत नाही. रुपेरी असे त्यात मला काही दिसले नाही.

आणखी एक गंमत सांगून हा भाग संपवितो. चिलखत हा शब्द आपल्या जिल्ह्यात आजही रोजच्या वापरात आहे, तो चिलखती दलामुळे. अहिल्यानगरजवळ १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथील विजयंता व १९६५ च्या युद्धातील पॅटन रणगाडे मुले डोळे विस्फारून पाहतात. या चिलखताचा रंग मातकट व हिरवट, आणि तो लावला आहे तो मुद्दाम, धातू चमकू नये म्हणून. आमच्या घरातील एका मुलाने तेथून आल्यावर मातीचा रणगाडा केला आणि मला विचारले, "आजोबा, याला रुपेरी लावू का?" मी म्हणालो, "तू तिथे रुपेरी कुठे पाहिलेस?" तो विचारात पडला आणि काजळी घेऊन आला.

वर म्हटलेले अनुमान, म्हणजे शस्त्रे गेल्यावर आपल्या ज्ञातीतील कारागिरांनी त्यांची आठवण मातीवर उतरविली हे, एका स्वारावर उभे आहे हे मी जाणतो. दोन असते तर तुलना करता आली असती. दुसरा मीच घालविला. रुपेरी थराखाली काय होते ते काढून पाहण्याचा प्रयत्न एकदा केला, पण नव्या रंगाबरोबर सरसावरचा जुना रंगही पुसून निघू लागला, तेव्हा थांबलो. म्हणून ज्ञातिबांधवांस एक विनंती आहे. नेवासे, शेवगाव, पैठण, संगमनेर, पुणे वा अन्य कोठेही ज्यांच्या घरी जुने मातीचे स्वार, प्यादे, घोडे किंवा हत्ती असतील त्यांनी ते दिवाळीसाठी पुन्हा रंगवू नयेत, पाण्याने धुऊ नयेत आणि तुटलेला भाग फेकून देऊ नये. कोरड्या जागी कापसात ठेवावेत. स्वार घोड्यावरून सुटा होत असेल तर हलक्या हाताने उचलून खोगीर पाहावे, आणि तेथे शिवण काढलेली असल्यास टाके मोजून मंडळाच्या कार्यालयाकडे दोन ओळींचे पत्र टाकावे. आमच्या खोगिरावर एका बाजूस चौदा टाके आहेत.